प्रकल्प संपतो, प्रणाली उरते

अभियांत्रिकी महाविद्यालयांत शैक्षणिक वर्ष सुरू झाले, की विभागाच्या पहिल्या-दुसऱ्या बैठकीत एक सूचना हमखास पुढे येते. विभागात शे-दीडशे मुले संगणकशास्त्र शिकत आहेत, शेवटच्या वर्षी प्रत्येक गटाला प्रकल्प करावाच लागतो, आणि विभागाचा स्वतःचा कारभार मात्र एक्सेलच्या विखुरलेल्या फायली, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप आणि कार्यालयातील लिपिकाची वही यांवर चालतो. मग विभागाची संगणक प्रणाली याच मुलांकडून का करून घेऊ नये? खर्च वाचेल आणि मुलांना खऱ्या कामाचा अनुभव मिळेल. सूचना इतकी सरळ भासते की ती फारशा चर्चेविना मंजूर होते. एप्रिलमध्ये प्रात्यक्षिक होते, बाहेरून आलेले परीक्षक समाधान व्यक्त करतात, सुवर्णाक्षरी ‘ब्लॅक बुक’ कपाटात जाते. जुलैत विभाग पुन्हा एक्सेलकडे वळलेला असतो आणि ‘कॉलेज मॅनेजमेंट सिस्टीम’ हाच विषय नव्या गटाच्या वाट्याला येतो.

याचा दोष बहुधा विद्यार्थ्यांच्या अननुभवावर टाकला जातो. तो सर्वस्वी खरा नाही. विद्यापीठांच्या संगणकीय इतिहासातील काही भक्कम प्रणाली विद्यार्थ्यांनीच उभ्या केल्या आहेत. मात्र त्या ज्या परिस्थितीत उभ्या राहिल्या, ती परिस्थिती आणि आपल्याकडचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प यांत मोठे अंतर आहे.

हॅनोव्हरमधील पहाट

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात हॅनोव्हर या छोट्या गावी डार्टमथ महाविद्यालय आहे. तेथील जॉन केमेनी आणि थॉमस कुर्त्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी एक धाडसी बेत आखला. त्या काळी संगणकाला प्रश्न द्यायचा तर छिद्रित पत्त्यांचा गठ्ठा खिडकीवर सोपवून उत्तराची तासन् तास वाट पाहावी लागे. त्याऐवजी महाविद्यालयातील कोणत्याही विद्यार्थ्याने, मग तो इतिहासाचा असो वा संगीताचा, टंकयंत्रासारख्या टर्मिनलपुढे बसून थेट संगणकाशी काम करावे, अशी त्यांची कल्पना होती. एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देणारी प्रणाली त्यासाठी हवी होती. ती बाजारात तयार मिळत नव्हती.

ही प्रणाली लिहिण्याचे काम केमेनी आणि कुर्त्झ यांनी प्रामुख्याने पदवीपूर्व विद्यार्थ्यांकडे सोपवले. यंत्र दाखल होण्यापूर्वीच, १९६३ मध्ये, आराखड्याचे काम सुरू झाले. जनरल इलेक्ट्रिकचा जीई-२२५ हा संगणक आणि त्याला जोडलेले डेटानेट-३० हे संदेश हाताळणारे यंत्र १९६४च्या आरंभी आले, आणि १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास ‘बेसिक’ या नव्या भाषेतील दोन आज्ञावली एकाच वेळी चालून बरोबर उत्तरे मिळाली. ‘बेसिक’ भाषा पुढे जगभर पसरली, म्हणून ती पहाट लक्षात राहिली. तिच्याखालची वेळ वाटून देणारी प्रणाली विद्यार्थ्यांच्या हातची होती, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. ही प्रणाली अनेकदा नव्याने लिहिली गेली, यंत्रे बदलली, पण तिची परंपरा १९९९ पर्यंत चालू राहिली. पस्तीस वर्षे हे आयुष्य कोणत्याही व्यापारी आज्ञावलीलाही क्वचित लाभते.

हे उदाहरण दिले, की सभेत माना डोलतात. पण त्यामागची व्यवस्था पाहिली पाहिजे. डार्टमथमध्ये १९५९ पासून एलजीपी-३० नावाचा छोटा संगणक होता आणि त्यावर विद्यार्थ्यांनी अल्गोल या भाषेचा अनुवादकही लिहिला होता. म्हणजे मे १९६४च्या मागे पाच वर्षांची तालीम होती. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचे अनुदान होते. दोन्ही प्राध्यापक स्वतः आज्ञावली लिहिणारे होते. केमेनी यांनी ‘बेसिक’च्या अनुवादकावर स्वतः काम केले. प्रणाली चालू झाल्यावर तिच्यासाठी किविट संगणन केंद्र उभे राहिले आणि कुर्त्झ त्याचे पहिले संचालक झाले. विद्यार्थी येत-जात राहिले. प्रणालीचा धनी मात्र जागेवर होता. आणि हे काम गुणपत्रिकेतील एका रकान्यासाठी केलेले नव्हते.

सातशे वीस तासांचे ऐंशी तास

फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएममध्ये ओएस/३६० या प्रचंड प्रणालीचे काम सांभाळले आणि त्या अनुभवावर १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मन्थ’ हे पुस्तक लिहिले. अधिक माणसे लावली की उशीर वाढतो, हा त्यांचा सिद्धान्त सर्वांना ठाऊक असतो. त्याच पुस्तकाच्या आरंभीचा एक हिशेब मात्र विभागप्रमुखांनी वाचण्याजोगा आहे. ब्रुक्स म्हणतात, की लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या यंत्रावर, त्याच्याच हाताखाली चालणारी आज्ञावली ही एक गोष्ट. तीच इतर कोणालाही वापरता, तपासता आणि दुरुस्त करता यावी असे केले, तर श्रम किमान तिप्पट होतात. ती इतर घटकांशी जुळवून एका मोठ्या प्रणालीचा भाग करायची, तर पुन्हा तिप्पट. दोन्ही हवे असेल तर नऊपट.

आता आपल्याकडचा गट घ्यावा. चार विद्यार्थी, दोन सत्रे मिळून सुमारे तीस आठवडे, आठवड्याला प्रत्येकी सहा तास. एकूण ७२० तास झाले. अंतर्गत चाचण्या, सबमिशन, कॅम्पस मुलाखती यांनी त्यातले किती खाल्ले, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. पूर्णवेळ काम करणाऱ्या एका अभियंत्याचे हे साडेचार महिने होतात. ब्रुक्स यांचा नऊचा भाजक लावला तर हाती येणाऱ्या प्रणालीचा गाभा ऐंशी तासांच्या साध्या आज्ञावलीएवढा, म्हणजे एका माणसाच्या दोन आठवड्यांच्या कामाएवढा असायला हवा. नऊ हा आकडा अर्थातच ठोकताळा आहे. तरीही त्यावरून एवढे दिसते, की प्रवेश, हजेरी, अंतर्गत गुण, प्रयोगशाळेचे साहित्य, सुट्ट्या आणि माजी विद्यार्थी असा सारा संसार एका गटाच्या विषयपत्रिकेत कोंबणे हा भाबडेपणा आहे. गट मग काय करतो? पडद्यावर सगळे दिसेल एवढे करतो. मागचे उरलेले काम ब्लॅक बुकच्या ‘भविष्यातील वाव’ या प्रकरणात जाते.

हे मागचे काम बहुतांशी अपवादांचे असते. प्रात्यक्षिकासाठी गटाने दहा काल्पनिक विद्यार्थी भरलेले असतात आणि ते दहाही जण सर्व विषयांत वेळेवर उत्तीर्ण होत असतात. खऱ्या विभागात एटीकेटी असते. पदविका घेऊन थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुले असतात, त्यांचे पहिले वर्ष रिकामे असते. वर्ष वाया गेलेला विद्यार्थी जुन्या अभ्यासक्रमातून नव्यात येतो आणि त्याचा एक विषय नव्या यादीत सापडतच नाही. कोणाचे नाव राजपत्रात बदललेले असते, कोणाच्या आईच्या नावाचे स्पेलिंग दोन कागदांवर दोन प्रकारचे असते. लिपिक हे सारे वहीच्या समासात लिहून सांभाळतो. माहितीसाठ्याच्या रकान्यांना समास नसतो.

तारीख पक्की, काम लवचिक

खऱ्या ग्राहकासाठी विद्यार्थ्यांनी प्रणाली बांधावी, हा प्रयोग पद्धतशीरपणे करणाऱ्यांत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील बॅरी बोहम यांचे नाव अग्रभागी आहे. आज्ञावलीचा खर्च आधी वर्तवण्याची ‘कोकोमो’ ही पद्धत त्यांनीच १९८१ मध्ये मांडली होती. १९९६ पासून त्यांच्या पदव्युत्तर वर्गातील गटांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी काम सुरू केले. पहिल्या वर्षी १५ गट होते. ग्रंथपाल ग्राहक होते. त्यांना चित्रे, नकाशे, ध्वनिमुद्रणे अशा संग्रहांसाठी प्रणाली हव्या होत्या. ‘काय करता येईल’ याविषयी ग्रंथपाल आणि विद्यार्थी या दोघांच्याही अपेक्षा अवाजवी असतात, हे पहिल्या काही आठवड्यांतच उघड होई. त्यामुळे आरंभीचा बराच काळ वाटाघाटीत घालवणे हा अभ्यासक्रमाचाच भाग करण्यात आला.

या अभ्यासक्रमाच्या अनुभवाने घट्ट झालेला एक नियम आपल्या महाविद्यालयांना तंतोतंत लागू पडतो. सत्राची शेवटची तारीख हलत नाही. तेव्हा तारीख पक्की धरावी आणि कामाची व्याप्ती लवचिक ठेवावी. ग्राहकाकडून मागण्यांचा क्रम लावून घ्यावा, वरच्या मोजक्या मागण्यांचा गाभा आधी पूर्ण करावा आणि खालच्या मागण्या गळाल्या तरी सांगाडा मोडणार नाही, अशी रचना सुरुवातीलाच करावी. उद्योगजगतात हे आता सर्वपरिचित आहे. आपल्याकडे मात्र ऑगस्टमध्ये मंजूर झालेला प्रकल्पाचा सारांश एप्रिलपर्यंत शिलालेखासारखा राहतो, कारण त्यातील एखादी ओळ गळली तर गुण जातील अशी भीती गटाला असते.

साखळी कशी टिकते

सर्वांत अवघड जागा वर्षाच्या शेवटी येते. ज्याने लिहिले तो जूनमध्ये पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी जातो. पर्ड्यू विद्यापीठात १९९५ मध्ये एडवर्ड कॉयल आणि लीआ जेमिसन यांनी समाजोपयोगी अभियांत्रिकी प्रकल्पांचा ‘एपिक्स’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हा त्यांनी याच जागी घाव घातला. तेथे एका गटात पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतचे विद्यार्थी एकत्र असतात आणि अनेक सत्रे त्याच प्रकल्पावर राहू शकतात. ज्येष्ठ बाहेर पडतात तेव्हा मधल्या फळीला सारे माहीत असते. गट बदलत राहतो, संपत नाही.

भारतात याच जातीची व्यवस्था वेगळ्या वाटेने उभी राहिलेली दिसते. आयआयटी रुरकीमध्ये ‘आयएमजी’ या नावाने ओळखला जाणारा विद्यार्थ्यांचा गट संस्थेचे संकेतस्थळ आणि ‘चॅनेल आय’ हे अंतर्गत पोर्टल सांभाळत आला आहे. हा अभ्यासक्रमातील प्रकल्प नाही. कनिष्ठ वर्गांतून नवे सदस्य निवडून घेणारा तो कायमचा गट आहे. आयआयटी मुंबईतील ‘इन्स्टिअ‍ॅप’ हेही विद्यार्थ्यांनीच घडवलेले. मेसमधील जेवणाची यादी, कार्यक्रम, सूचना अशी रोजची माहिती त्यावर मिळते आणि त्याची आज्ञावली मुक्त स्रोत आहे. जबलपूरच्या आयआयआयटीडीएमची ‘फ्यूजन’ ही विद्यार्थ्यांच्या हातून घडलेली प्रणाली तर मेस, तक्रारी, अतिथिगृह, प्लेसमेंट अशा स्वतंत्र भागांत वाटलेली आहे. जँगो या चौकटीवर लिहिलेली तिची आज्ञावलीही खुली आहे. काम असे तुकड्यांत मांडले, म्हणजे एका वर्षाच्या गटाला एक तुकडा पेलतो आणि तो फसला तरी बाकीचे चालू राहते.

येथे एक सावधगिरी हवी. आज्ञावली लिहून झाली म्हणजे ती तशीच पडून राहते, हा गैरसमज आहे. पायथॉन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला; पीएचपी ५ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे २०१८ अखेर थांबले. २०१४-१५ मध्ये एखाद्या हुशार गटाने या साधनांवर केलेली प्रणाली, तिच्यात एकही चूक नसली तरी, पाच वर्षांत धोकादायक झाली. ती नव्या आवृत्तीवर नेणे हे महिन्याभराचे कंटाळवाणे काम, आणि त्याला प्रकल्प म्हणून मान्यता देण्यास मार्गदर्शक सहसा तयार नसतात.

गुण कशाला द्यायचे?

अडचणीची गाठ खरे तर इथेच आहे. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न ‘यात नवीन काय?’ हाच असतो. मागच्या गटाच्या प्रणालीतील बारा चुका दुरुस्त केल्या, चाचण्या लिहिल्या, लिपिकासाठी मराठीत माहितीपुस्तिका तयार केली, असे उत्तर देणारा गट वरच्या श्रेणीला मुकतो. चेहरे ओळखून हजेरी घेणारा देखावा उभा करणारा गट ती मिळवतो, जरी तो देखावा प्रात्यक्षिकानंतर पुन्हा कधीच चालू झाला नाही तरी. विद्यार्थी मूर्ख नाहीत. ज्याला गुण मिळतात तेच ते करतात. महाविद्यालयांच्या आसपास तयार प्रकल्प विकणारी दुकाने चालतात तीही याच कारणाने. देखभाल, चाचणी आणि हस्तांतर यांना नवनिर्मितीइतकेच गुण देण्याची तयारी नसेल, तर विभागाने आपली प्रणाली विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून उभी करण्याचा विचार सोडून द्यावा, हे स्पष्टपणे सांगितलेले बरे.

मालकीचा प्रश्नही कोणी विचारत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कृतीचा पहिला मालक सामान्यतः तिचा कर्ता असतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची मालकी नियोक्त्याकडे जाते. विद्यार्थी हा महाविद्यालयाचा नोकर नव्हे. म्हणजे लेखी करार नसेल, तर विभाग ज्या आज्ञावलीवर कारभार चालवतो, तिच्यावरचा त्याचा हक्क वादग्रस्त ठरू शकतो. पानभर संमतिपत्राने हा गुंता सुटतो, पण ते पहिल्या दिवशी घ्यावे लागते. नोकरीला लागलेल्या चौघांना नंतर शोधत फिरणे अवघड जाते. विद्यार्थ्याच्या बाजूनेही हे न्याय्य आहे. त्याचे श्रम विभाग फुकट वापरणार असेल, तर निदान त्याचे नाव राहावे आणि ते काम नोकरीच्या मुलाखतीत दाखवण्याचा त्याला अधिकार असावा.

याहून नाजूक बाब माहितीची. अंतर्गत गुण, जातप्रमाणपत्र, फीमाफीसाठी दिलेला उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय रजेची कारणे, हे सारे विभागाकडे असते. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अशी माहिती सुरक्षित राखण्याची जबाबदारी ती हाताळणाऱ्या संस्थेवर टाकतो. त्यात कमाल दंडाची तरतूद २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. शेवटच्या वर्षाच्या एका मुलाच्या लॅपटॉपवर तिसऱ्या वर्षाच्या साऱ्या वर्गाचे गुण असणे, ही आजही अनेकांना किरकोळ वाटणारी गोष्ट किरकोळ नाही. ज्याच्याकडे पासवर्ड आहे, त्याचा मित्रच त्या यादीत असतो. म्हणून गुण आणि खासगी कागदपत्रे विद्यार्थी प्रकल्पाच्या कक्षेबाहेर ठेवावीत, आणि विकासासाठी बनावट माहिती वापरावी.

मग सरळ बाजारातून प्रणाली विकत घ्यावी काय? तोही हमखास तोडगा नाही. केंब्रिज विद्यापीठाने ‘कॅप्सा’ ही सुमारे एक कोटी पौंड खर्चाची लेखाप्रणाली ऑगस्ट २०००मध्ये सुरू केली, आणि विभागांना आपल्या खात्यात शिल्लक किती हेच कळेनासे झाले. २००१च्या चौकशी अहवालात व्यवस्थापनावर कठोर ताशेरे होते. मुंबई विद्यापीठात २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांचे संगणकाच्या पडद्यावर मूल्यांकन घाईने लागू झाले. निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलांचे प्रवेश टांगणीला लागले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावे लागले. दोन्ही प्रणाली विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या नव्हत्या. कोणाच्या रोजच्या कामात नेमके काय बदलणार, हे आधी तपासले गेले नाही, ही चूक मात्र ब्लॅक बुकातील प्रकल्पाचीच होती.

शिवाय विभागाच्या गरजेचे स्वरूपही आता बदलले आहे. प्रवेश, परीक्षा, श्रेयांक यांसारखी कामे विद्यापीठ पातळीवरच्या प्रणालींकडे गेली आहेत; केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या पुढाकाराची ‘समर्थ’ ही त्यांपैकी एक. विभागाकडे उरतात ती छोटी, स्थानिक कामे: प्रकल्पांचे गट आणि मार्गदर्शक यांची वाटणी, प्रयोगशाळेतील उपकरणांची नोंद, बंद पडलेल्या संगणकांच्या तक्रारी, सभागृहाचे आरक्षण. ही कामे चुकली तर कोणाचे वर्ष जात नाही, आणि कोणतीही कंपनी ती करायला येत नाही. विद्यार्थी गटाला साजेसे काम शोधायचे तर ते इथे आहे.

अशा कामाला हात घालण्यापूर्वी विभागाने दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. प्रणाली बंद पडली, तर कोणाचा फोन वाजणार, हे नाव विद्यार्थ्याचे नसावे. प्रयोगशाळा साहाय्यक किंवा एखादा अध्यापक असावा आणि त्याच्या कामाच्या तासांत त्यासाठी जागा असावी. दुसरे, एक पूर्ण सत्र जुनी वही आणि नवी प्रणाली शेजारी-शेजारी चालाव्यात. आज्ञावलीची मूळ प्रत विभागाच्या खात्यात असावी, हे वेगळे सांगायला नको; पण सांगावे लागते.

आणि पहिल्या गटाकडून आज्ञावली मागूच नये. त्याने दोन महिने कार्यालयात लिपिकाशेजारी बसावे, वहीच्या समासातील नोंदी एकेक करून विचाराव्यात आणि त्या लिहून काढाव्यात. तीस-चाळीस पानांची ती यादी पुढच्या तीन गटांना पुरेल.